बांधाचं बुड

बंधारा बघायला आलेला माणूस आधी माथ्यावरून चालतो. या काठावरून त्या काठावर जातो, अडलेल्या पाण्याचा फोटो काढतो, ‘काम भारी झालंय’ म्हणतो आणि गाडीत बसतो. मी खालच्या अंगाला उतरतो आणि बुडाशी उकिडवा बसतो. काँक्रीट जिथं संपतं आणि खडक जिथं सुरू होतो, ती रेघ मला बघायची असते. जालना जिल्ह्यात सिंचनाच्या कामांवर नोकरी झाली, त्यातली ही खोड. निवृत्तीचे कागद हातात पडले तरी ती काही सुटली नाही.

आमच्या जिल्ह्यात अशा रेघा पैशाला पासरी. गोदावरीवर जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी, लोणी सावंगी अशी बॅरेजेस आहेत. दुधना, पूर्णा, केळणा, गिरजा यांच्यावर कोल्हापुरी बंधारे आहेत. आणि या नद्यांना मिळणाऱ्या नाल्या-ओढ्यांवर सिमेंटचे बांध. २०१२-१३ च्या दुष्काळानं जालन्याला पुरतं भाजून काढलं; पुढं जलयुक्त शिवार आलं, नाले खोल-रुंद झाले, बांध आणखी वाढले. पण दिवाळीला काठोकाठ भरलेला बांध संक्रांतीला कोरडा ठणठणीत, हे काही गावांचं दुखणं तसंच राहिलं. गाव म्हणतं, ‘सिमेंट खाल्लं.’ तसंही होतं, नाही असं नाही. पण छन्नी लावली तर ठिणगी उडेल असं काँक्रीट आणि त्याच भिंतीच्या पायातून बोटभर धार, हेही मी पाहिलेलं आहे. भिंतीचे क्यूब प्रयोगशाळेत सात दिवसांनी, अठ्ठावीस दिवसांनी फोडून बघतात, त्याचा कागद होतो. भिंत आणि खडक यांच्या सांध्याची अशी चाचणी लहान कामांवर कुणी घेत नाही. माझ्या मते निम्मं दुखणं इथंच आहे.

सांधा कमजोर का, ते आधी बघू. काँक्रीट म्हणजे खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी. खडीचे तुकडे एकमेकांत अडकलेले असतात. भेग पुढं सरकायची तर तिला प्रत्येक तुकड्याला वळसा घालावा लागतो किंवा तो तुकडा उपटावा लागतो. त्यात तिची ताकद खर्च होते. खडकाच्या पृष्ठाशी ही सोय नसते. तिथं खडी एका सपाटीला टेकून उभी राहते, मधल्या फटींत नुसतं पातळ सिमेंटचं पाणी भरतं. पाण्याचं प्रमाण वाढलं की घट्ट झाल्यावर त्या जागी पोकळ्या जास्त राहतात आणि चुन्याचे ठिसूळ स्फटिक तयार होतात. ही कमजोर पट्टी जाडीला जेमतेम केसाएवढी. अशीच पट्टी काँक्रीटच्या आत प्रत्येक खडीच्या भोवतीही असते, पण तिथं ती तुटक आणि वेडीवाकडी असते. खडकावर मात्र ती या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग. भेगेला आयता रस्ता.

त्यात खडकावर धूळ असेल, चिखलाचा पातळ थर असेल, पाण्याचं डबकं साचलेलं असेल, तर काँक्रीट खडकाला धरतच नाही. ते नुसतं त्याच्यावर बसतं.

दुसरी गोष्ट उष्णतेची. सिमेंट आणि पाणी एकत्र आलं की उष्णता निघते. जाड भिंतीच्या पोटात तापमान वीस-तीस अंशांनी सहज चढतं. आमच्याकडं ही कामं नाले कोरडे असताना, म्हणजे बहुतेक उन्हाळ्यात होतात. वर एप्रिल-मेचं चाळीस-बेचाळीस अंशांचं ऊन, आत सिमेंटची ऊब. आठवड्या-पंधरवड्यात भिंत थंड होते आणि आकसते. खाली खडक मात्र आकसत नाही, तो काही तापलेलाच नसतो. वीस अंश उतरले तर काँक्रीटला मीटरमागं साधारण ०.२ मिलिमीटर आखडायचं असतं. दहा मीटरच्या भिंतीला म्हणजे २ मिलिमीटर. खडक बुड धरून ठेवतो आणि काँक्रीटला ओढ बसते. काँक्रीट दाबाला मर्द आणि ओढीला नाजूक, मीटरमागं ०.१ मिलिमीटरच्या आसपास ताण आला की ते हार मानतं.

मग ते दोन ठिकाणी फुटतं. एक, भिंतीच्या मधोमध उभी भेग. ती बुडाशी बारीक असते, थोडी वर गेली की रुंद होते, कारण अगदी खाली खडकानं पकडलेलं असतं. लांब भिंतीला ठरावीक अंतरावर सांधे सोडतात ते याचसाठी. अमेरिकेत १९३० च्या दशकात हूवर धरण बांधताना काँक्रीटच्या आतून नळ्या टाकून गार पाणी खेळवलं, तेही याचसाठी. दुसरी भेग दिसत नाही. आकसणाऱ्या भिंतीची टोकं आणि कडा वर उचलायला बघतात, त्यामुळं बुडाच्या कडेला, काँक्रीट-खडकाच्या रेघेवरच, सोलल्यासारखी फट पडते. पाण्याकडच्या कडेला पडली तर तिच्यासारखी वाईट फट नाही. पहिला पाऊस पडायच्या आधीच ती तिथं दबा धरून बसलेली असते.

आता पाणी येऊ द्या. इथं थोडा हिशेब करतो, कारण आकड्याशिवाय हे कुणाला पटत नाही. समजा बांध ३ मीटर उंच, माथ्याला १ मीटर आणि बुडाला २ मीटर रुंद. पाण्याकडची बाजू सरळ उभी. एक मीटर लांबीच्या तुकड्यात साडेचार घनमीटर काँक्रीट, वजन १०.८ टन. काठोकाठ भरलेलं पाणी त्याला आडवं ढकलतं ४.५ टनांनी. वजन आडव्या रेट्याच्या दुपटीहून जास्त, म्हणजे काळजी नाही असं वाटतं. पण पाणी नुसतं ढकलत नाही, ते सांध्यात शिरून भिंतीला खालून वरही उचलतं. ३ मीटर पाण्याखाली हा उचल-दाब दर चौरस मीटरला ३ टन असतो आणि खालच्या बाजूला तो शून्यावर येतो असं धरतात. तेवढ्यानं बुडाखाली ३ टन उचल झाली. खडकावर टेकणारं वजन राहिलं ७.८ टन. घर्षण ०.६५ धरलं तर सरकायला विरोध सुमारे ५ टन, ढकल ४.५ टन. निभावलं.

आता पाण्याकडून फट एक मीटर, म्हणजे अर्ध्या बुडापर्यंत आत गेली असं समजा. फटीच्या तोंडापासून शेवटापर्यंत पाण्याचा पुरा दाब. पुढं तो हळूहळू उतरतो. उचल ३ टनांवरून ४.५ टनांवर गेली. टेकणारं वजन ६.३ टन. विरोध सुमारे ४.१ टन आणि ढकल तीच, ४.५ टन. आता तो बांध घर्षणावर उभा नाही. त्याला सावरून धरायला उरलेल्या अर्ध्या सांध्याचा चिकटपणा, खडकात कोरलेली खाच आणि सळया, एवढंच आहे. या भिंतीचं काँक्रीट एम-१५ प्रतीचं आहे की एम-३० प्रतीचं, याचा या हिशेबात कुठं उल्लेख आला का? नाही आला.

आणखी एक बारकावा. उचल धरली नाही तर या भिंतीच्या वजनाचं आणि पाण्याच्या रेट्याचं मिळून बळ बुडाच्या मधल्या तृतीयांशात पडतं, म्हणून पाण्याकडची कड दाबलेली राहते. उचल धरली की तेच बळ तिथून जेमतेम बाहेर सरकतं आणि कड ओढीत येते. म्हणजे पाणी आत शिरलं म्हणून कड उघडते, कड उघडली म्हणून पाणी आणखी आत शिरतं.

हे कळायला माणसांना बऱ्याच भिंती गमवाव्या लागल्या. फ्रान्समधल्या एपिनालजवळ बूझे नावाचं दगडी धरण होतं. १८८४ साली त्याचा मोठा भाग पायावर साधारण एक फूट पुढं सरकला. दुरुस्ती झाली, पुन्हा पाणी भरलं, आणि एप्रिल १८९५ मध्ये वरचा भाग फुटून ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्यानंतर मोरिस लेव्ही या अभियंत्यानं नियम मांडला: पाण्याकडच्या बाजूला भिंतीतला दाब तिथल्या पाण्याच्या दाबापेक्षा कमी पडता कामा नये. आपल्याकडं ग्वाल्हेरजवळचं तिघरा धरण १९१७ साली फुटलं, तिथंही पायात शिरलेल्या पाण्याच्या उचलीचाच दोष सांगतात.

भेग थांबत का नाही, हे सांगितलं ते इंग्लंडच्या ग्रिफिथ यांनी, १९२० च्या सुमारास. त्यांनी काचेवर प्रयोग केले, पण गणित सगळ्या ठिसूळ वस्तूंना लागू पडलं. कोरं कापड दोन्ही हातांनी ओढून फाटत नाही, काठाला कात्रीचा एक टवका मारला की फर्रकन फाटत जातं. भेगेच्या टोकाशी सगळी ओढ एकवटते आणि भेग जितकी लांब, तितकी पुढं जायला कमी ताकद लागते. काँक्रीटमध्ये खडी तिला जागोजाग अडवते, म्हणून ती काचेसारखी एका झटक्यात जात नाही. गुळगुळीत सांध्यावर अडवणारं कुणी नाही. सांधा खडबडीत असेल तर खडकाचे उंचवटे तेच काम करतात.

भेग जाते तीही स्वस्तातला रस्ता धरून. सांधा कच्चा असेल तर सांध्यातून. सांधा पक्का आणि खाली खडकातच चीर असेल तर वळून खडकात. दोन्ही चांगले असतील तर वर काँक्रीटमध्ये, जिथं आकार अचानक बदलतो तिथं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा १०३ मीटर उंचीच्या त्या धरणात मुख्य भेगा पडल्या त्या पायाशी नव्हेत, वर, जिथं खालच्या बाजूचा ढाळ एकदम बदलतो त्या पातळीला. पुढं धरणाला मागून काँक्रीटचा आधार देऊन ते बळकट केलं. उलट ऑस्ट्रियातल्या कोल्नब्राइन या २०० मीटर उंच कमानी धरणात १९७८ साली पाणी भरताना पाण्याकडच्या बाजूला अगदी पायाशीच भेगा गेल्या आणि गळती सुरू झाली. पुढं खालच्या अंगाला काँक्रीटचा एक मोठा टेकू बांधावा लागला.

आता आमचा खडक. सगळा मराठवाडा दख्खनच्या बेसाल्टवर बसलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले, त्यांचा हा खडक. पायाखुदाईत काळा पाषाण लागला की सरपंचापासून ठेकेदारापर्यंत सगळे खूश. टणक खराच. पण हा लाव्हा थंड होताना आकसला आणि त्यात उभ्या-आडव्या चिरा पडल्या. त्या चिरांतून पाणी निघून जातं. मांजऱ्या म्हणतात तो खडक, ज्यात वायूचे बुडबुडे होते आणि पुढं पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरले, तो दिसायला मऊ. पण कुजलेला नसेल तर त्यात चिरा फार कमी असतात आणि पाणी धरायला तो काळ्यापेक्षा बरा. पुण्याचे प्रा. आर. बी. गुप्ते यांच्या अभियांत्रिकी भूशास्त्राच्या पुस्तकावर आमची पिढी शिकली, त्यातली ही गोष्ट मला नोकरीत सगळ्यात जास्त उपयोगी पडली. आणि दोन थरांच्या मध्ये असतो गेरू. लाल, मऊ, हाताला चिकटणारा. उघडा पडला, हवा-पाणी लागलं की भुसभुशीत होतो. त्याच्यावर भिंत उभी केली तर भेगेनं आपणहून जागा शोधायचीही गरज नाही.

जाफराबाद तालुक्यातल्या एका नाल्यावर असाच गेरू लागला होता. पाया सरळ काळ्या पाषाणावर दिसत होता. मी घण मारत चाललो होतो. चांगला खडक खणखणतो, पोकळ असेल तर भदभद वाजतो. एका जागी आवाज बदलला. पहार घालून वरचा कपचा उचलला, तर खाली चार बोटं जाडीचा लाल पट्टा, ओला.

मुकादम म्हणाला, “सायेब, एवढा तर राहू द्या. वर धा टन काँक्रीट पडणार हाय.”

“मामा, काँक्रीटनं दबंल, पण पाण्यानं वाहून जाईल. काढा.”

दिवस वाढला, ठेकेदाराचं तोंड वाकडं झालं. पट्टा पार खरवडून खालच्या चांगल्या खडकापर्यंत गेलो आणि त्याच दिवशी ती जागा काँक्रीटनं भरली. दुसऱ्या दिवसावर ठेवलं असतं तर रात्रीत उरलासुरला गेरू फुलून आला असता.

पाया साफ करणं हे कंटाळवाणं काम आहे आणि कुठल्याही उद्घाटनाच्या फोटोत ते येत नाही. हलणारा प्रत्येक कपचा पहारीनं काढायचा. सुरुंगानं खिळखिळा झालेला थर हातानं काढायचा, कारण सुरुंग आपण होऊन नव्या चिरा पाडतो. चिरांतली माती टोकदार सळईनं उकरायची. तारेच्या ब्रशनं घासायचं, मग हवा आणि पाण्याच्या झोतानं धुवायचं, अगदी वाहणारं पाणी नितळ दिसेपर्यंत. मग गोणपाटानं डबकी टिपून घ्यायची. खडक आतून ओला पाहिजे, म्हणजे तो काँक्रीटचं पाणी शोषून घेणार नाही. वरून मात्र चमकणारं पाणी नको. त्याच्यावर सिमेंट-वाळूचा पातळ थर घासून लावायचा आणि तो ओला असतानाच काँक्रीट. पाण्याकडच्या कडेला खडकात खाच कोरायची. खडकात छिद्रं पाडून सळया बसवायच्या आणि छिद्रं सिमेंटच्या गाऱ्यानं भरायची. गुळगुळीत खडक असेल तर त्याला छन्नीनं टाचायचा. यातलं काहीही महाग नाही. महाग आहे तो वेळ, आणि पाऊस डोक्यावर आला की तोच नसतो.

मोठ्या धरणात याशिवाय चिरांत दाबानं सिमेंट भरतात आणि पायाच्या आत बोगदा ठेवून त्यातून छिद्रं खाली सोडतात, म्हणजे शिरलेलं पाणी तिथून निघून जातं आणि उचल कमी होते. खडक किती पाणी पितो ते मोजायची पद्धत स्वित्झर्लंडच्या ल्यूजाँ यांनी १९३३ साली सांगितली. दहा बार दाबानं मिनिटाला छिद्राच्या मीटरमागं एक लिटर पाणी गेलं तर एक ल्यूजाँ. लहान बांधाला बोगदा कुठला आणि ही चाचणी कुठली. त्याला साफ केलेला खडक हाच आधार.

मागाहून दुरुस्ती होत नाही का? होते. पण बहुतेक ठिकाणी गळणाऱ्या बाजूनं, म्हणजे खालच्या अंगाला प्लास्टर मारतात. धार दिसायची बंद होते, गाव खूश होतं. आतलं पाणी मात्र आता कोंडलं जातं आणि आपण हिशेबात शून्य धरलेला खालच्या कडेचा दाब वाढतो. करायचंच तर बांध कोरडा असताना पाण्याच्या बाजूनं सांधा खोदून भरावा, पुढं काँक्रीटची पट्टी टाकावी. झिरपणारं पाणी नितळ आहे तोवर धीर धरायला हरकत नाही. भिंतीवर उतरलेल्या पांढऱ्या ओघळी काँक्रीटमधल्या चुन्याच्या आहेत आणि कधीकधी त्याच चुन्यानं बारीक भेग आपोआप बुजतेसुद्धा. पाणी गढूळ झालं की आतून माती, गेरू वाहायला लागला आहे.

२०१९ च्या जुलैत कोकणातलं तिवरे धरण फुटलं. त्याच पावसात आमच्या भोकरदन तालुक्यातल्या शेलूदजवळच्या धामणा धरणाच्या सांडव्याच्या भिंतीतून पाणी येत असल्याच्या बातम्या आल्या आणि खालच्या गावांची झोप उडाली. मातीच्या धरणातही सांडवा बहुधा दगडी किंवा काँक्रीटचाच असतो. माती, भिंत आणि खडक तिथं एकमेकांना भेटतात. पानशेत १२ जुलै १९६१ ला फुटलं तेही मातीच्या पोटातून जाणाऱ्या बांधीव मोरीच्या दुखण्यापासून. सांधा वेगळा, तक्रार तीच.

एक कबूल केलं पाहिजे: आमच्या नाल्यांवर बुडापेक्षा बगला जास्त दगा देतात. भिंतीची टोकं मुरमात किंवा काळ्या मातीत नीट आत नेलेली नसतात, माती उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिल्या मोठ्या पुरात पाणी भिंतीला वळसा घालून निघून जातं. बांध जागेवर, नाला शेजारून. तेव्हा टोकंही बघावीत.

पण बुड बघायची संधी एकदाच मिळते. तुमच्या शिवारात बांध होणार असेल तर उद्घाटनाला नाही गेलात तरी चालेल, काँक्रीटची पहिली गाडी येण्याच्या आदल्या संध्याकाळी मात्र पायात उतरा. खडकावर हात फिरवा; हाताला चिखल लागला तर पुन्हा धुवायला सांगा. दगडानं ठोकून आवाज ऐका. लाल पट्टा, भरलेली चीर, साचलेलं पाणी दिसलं तर शाखा अभियंत्याला दाखवा आणि उघड्या पायाचे फोटो मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदीसोबत जोडायला लावा. ग्रामसभेत तो फोटो मागायचा तुम्हाला हक्क आहे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते सगळं काँक्रीटखाली गेलेलं असेल.